एमपीथ्रीचं बटण ठेवू की काढू?

पत्र असं आहे:

"ताई, मी फावल्या वेळात एक ऑडिओ एडिटर लिहितोय. कापणं जोडणं, खरखर कमी करणं, गाण्याचा सूर जरा सरळ करणं, आणि शेवटी एमपीथ्री किंवा एएसी फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट. सगळं फुकट, कोड जीपीएल व्हर्जन २ या ओपन सोर्स लायसन्सखाली उघडा. आता विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी इन्स्टॉलर करून लोकांना द्यायचाय. पण एक जण म्हणतो एमपीथ्रीचं पेटंट आहे, जेलमध्ये जाशील. दुसरा म्हणतो फुकट देतोयस ना, मग कोण विचारतंय. तिसरा म्हणतो फक्त सोर्स कोड दे, बायनरी (तयार चालणारा प्रोग्राम) देऊ नको. 'केवळ शैक्षणिक वापरासाठी' अशी ओळ टाकली तर भागेल का? आणि डोनेशनचं बटण ठेवलं तर फसेन का? – गोंधळलेला डेव्हलपर"

अरे गोंधळलेल्या, तिघांनीही तुला अर्धवट सांगितलंय, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त घाबरवणारा सगळ्यात जास्त चुकलाय.

आधी ते जेल डोक्यातनं काढ. ही सगळी भीती मुळात अमेरिकेतून येते आणि तिथे पेटंटचं उल्लंघन हा फौजदारी गुन्हाच नाही, दिवाणी मामला आहे. म्हणजे काय होऊ शकतं तर नुकसानभरपाई मागतील, नाहीतर वितरण थांबवा असा कोर्टाचा आदेश आणतील. तेही काही सुखाचं नाही, वकिलाची फी बघूनच माणूस अर्धा गार होतो, पण पोलीस दारात येणं ही गोष्ट वेगळी.

आता दुसरा मित्र, "फुकट आहे ना" वाला. हा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून जरा नीट सांगते. कॉपीराइट आणि पेटंट या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण कोड लिहिणारे लोक कॉपीराइटचीच सवय झालेले असतो. कॉपीराइटमध्ये तू दुसऱ्याचा कोड उचलला नाहीस, सगळा स्वतः लिहिलास, की तू मोकळा. पेटंटमध्ये तसं नाही. तिथे पद्धत कुणाच्या तरी नावावर असते, आणि तू ती पद्धत स्वतःच्या डोक्याने शोधून काढलीस, एकही ओळ कॉपी केली नाहीस, पेटंट आहे हे तुला माहीतही नव्हतं, तरी उल्लंघन ते उल्लंघनच. आणि अमेरिकन कायद्यात नुसतं विकणंच नाही, बनवणं आणि वापरणंसुद्धा पेटंटवाल्याच्या हक्कात येतं. किंमत शून्य ठेवली म्हणून त्यातून बाहेर पडता येत नाही. जीपीएलही इथे तुला वाचवत नाही, कारण जीपीएल म्हणजे कोड लिहिणाऱ्याने दिलेली परवानगी, पेटंट ज्याचं आहे तो तिसराच कुणीतरी, त्याने कुठे सही केलीय?

मग फुकट सॉफ्टवेअरवाल्यांवर खरंच कुणी जातं का? जातं. २०१९ मध्ये लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम फाउंडेशनवर शॉटवेल या फोटो मॅनेजरवरून अमेरिकेत पेटंटचा दावा लागला होता, सॉफ्टवेअर फुकट, संस्था ना-नफा, तरी. २०२० मध्ये तडजोड झाली आणि त्यात फिर्यादीने मान्यताप्राप्त ओपन सोर्स लायसन्सखालच्या सॉफ्टवेअरला हात लावणार नाही असं कबूल केलं, म्हणजे शेवट गोड झाला, पण लढायला एक संस्था मागे उभी होती म्हणून झाला.

आता मुख्य मुद्दा, एमपीथ्री. ठेव बटण. बिनधास्त ठेव. एमपीथ्रीचं पेटंट लायसन्सिंग २३ एप्रिल २०१७ ला संपलं, फ्राउनहोफर ही जर्मन संशोधन संस्था आणि टेक्निकलर ही कंपनी यांनी तो कार्यक्रमच बंद केला कारण वसूल करायला पेटंटच उरली नाहीत. तुझ्या मित्राची माहिती जुनी आहे, पण तो काही हवेतलं बोलत नाहीये, एके काळी हे भूत खरंच होतं आणि ते काय होतं हे माहीत असलं की पुढचे निर्णय सोपे जातात.

एमपीथ्रीचं स्टँडर्ड १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि स्टँडर्ड म्हटल्यावर लोकांना वाटलं वापरायला मोकळं. १९९८ मध्ये फ्राउनहोफरने फुकट एन्कोडर (आवाज एमपीथ्रीत बदलणारा प्रोग्राम) बनवणाऱ्यांना पत्रं पाठवली की बाबांनो पैसे भरा. पुढे दर जाहीर झाले, पीसी सॉफ्टवेअरच्या डीकोडरला (जो एमपीथ्री वाजवतो) प्रत्येक कॉपीमागे ०.७५ डॉलर, एन्कोडरला २.५० डॉलरपासून पुढे, आणि वर वर्षाची किमान रक्कम वेगळी. एखाद्या कंपनीला हे काहीच नाही. पण फुकट सॉफ्टवेअरमध्ये कॉपी मोजणार कोण? तू एकाला दिलीस, त्याने शंभर जणांना दिली, लायसन्सनेच त्याला तो हक्क दिलाय. म्हणजे प्रश्न पैसे जास्त असण्याचा नव्हताच, मोजण्याची ही पद्धतच आपल्या वाटपाच्या पद्धतीला लागू पडत नव्हती. हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच लोक विसरतात.

मग लोकांनी काय काय केलं बघ. काहींनी बायनरी देणं बंद केलं. लेम हा एन्कोडर, ज्याच्या नावाचाच अर्थ 'हा एमपीथ्री एन्कोडर नाही' असा होता, तो प्रकल्प स्वतः फक्त सोर्स कोड देत राहिला. ऑडॅसिटी या फुकट ऑडिओ एडिटरने तर वर्षानुवर्षं एमपीथ्री एक्सपोर्ट दाबलं की "लेमची फाइल तुम्हीच शोधून आणा" असं सांगितलं, आणि ती शोधताना कितीतरी लोक भलत्याच साइटवरून भलतंच काहीतरी उतरवून बसायचे, तो त्रास जुन्या लोकांना आठवत असेल. २०१९ च्या २.३.२ व्हर्जनमध्ये लेम आतच आलं तेव्हा कुठे सुटलो. रेड हॅट या कंपनीने २००२ मध्ये आपल्या लिनक्सच्या ८.० व्हर्जनमधून एमपीथ्री वाजवणंच काढून टाकलं होतं, त्याच परिवारातल्या फेडोरा लिनक्समध्ये ते परत यायला २०१६ उजाडलं, एन्कोडिंग त्यानंतर २०१७ मध्ये. जीस्ट्रीमर या लिनक्सवरच्या मीडिया लायब्ररीवाल्यांनी प्लगइनचे गट केले आणि एकाचं नाव चक्क 'अग्ली' ठेवलं, म्हणजे कोड चांगला आहे पण वाटताना भानगड होऊ शकते. २०१८ मध्ये लेम आणि एमपीजी१२३ हा डीकोडर तिथून उचलून 'गुड'मध्ये नेले. फ्लुएंडो नावाच्या कंपनीने पैसे भरून परवाना घेतला आणि लिनक्सवाल्यांना एमपीथ्री डीकोडरची बायनरी फुकट दिली, सोर्सही उघडा होता, पण तो सोर्स तू स्वतः कंपाइल केलास की परवाना तुझ्या बायनरीला नाही. कोड तोच, एक कायदेशीर आणि एक नाही. बोल आता!

आणि हो, पैसे भरले की प्रश्न मिटला असंही नव्हतं. मायक्रोसॉफ्टने फ्राउनहोफरला १.६ कोटी डॉलर भरले होते असं त्यांनीच सांगितलं, तरी अल्काटेल-ल्युसेंट आपली वेगळी एमपीथ्री पेटंटं घेऊन कोर्टात गेली आणि २००७ च्या फेब्रुवारीत ज्युरीने १.५२ अब्ज डॉलरचा निकाल दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो फिरवला, पण विचार कर, एका फॉरमॅटवर किती जणांचे हात असू शकतात आणि एकाकडून पावती घेतली म्हणजे सगळे गप्प बसतील असं नाही.

आता एएसी. इथे मात्र माझा सूर बदलतो. एएसी हे एक नाव असलं तरी आत बरीच पिढ्यांची मंडळी आहेत. साधं एएसी-एलसी १९९७ चं आहे, त्याची मूळ पेटंटं वयाने गेलेली, म्हणूनच फेडोरा फ्राउनहोफरच्या एफडीके लायब्ररीची एक छाटलेली आवृत्ती देते ज्यात साधं एएसी ठेवलंय आणि एचई-एएसीचे भाग काढून टाकलेत. एचई-एएसी २००३ चं, एक्सएचई-एएसी तर २०१२ चं. आणि एएसीचा परवाना देणारा पूल, म्हणजे अनेक पेटंटवाल्यांचा एकत्र गट, जो आता व्हाया एलए या नावाने चालतो, तो बंद झालेला नाही. त्यांची फी गाणं ऐकवणाऱ्याकडून नाही घेत, एन्कोडर आणि डीकोडर बनवून देणाऱ्याकडून घेतात. म्हणजे तुझ्याकडून.

म्हणून माझा सल्ला असा की एएसीचा एन्कोडर तू स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये भरूच नको. मॅकमध्ये कोअर ऑडिओत एएसी एन्कोडर आहे, विंडोजमध्ये विंडोज ७ पासून मीडिया फाउंडेशनमध्ये आहे, तुझ्या प्रोग्रामने त्यांना हाक मारायची आणि काम करून घ्यायचं, परवान्याचं ते कंपनीवाले बघून बसलेत. लिनक्सवर एफएफएमपेग हे फुकट ऑडिओ-व्हिडिओ साधन सिस्टिमवर असेल तर वापर, नसेल तर मेनूत एएसी करडं दिसू दे आणि खाली एका ओळीत का ते लिही. ऑडॅसिटीही एफएफएमपेग वेगळंच बसवायला लावते. वापरणाऱ्याला एक पायरी वाढते हे खरं, शिव्याही खाशील थोड्या, पण एका माणसाच्या प्रकल्पाने एवढं सोसावं.

इथे अजून एक खड्डा आहे. एफडीके-एएसी, म्हणजे तीच फ्राउनहोफरची लायब्ररी, आवाजाला चांगली आहे म्हणून लोक ती जोडतात आणि मग कळतं की तिचं लायसन्स जीपीएलशी जुळत नाही. त्यात स्पष्ट लिहिलंय की पेटंटचा परवाना यातून मिळत नाही. एफएफएमपेगमध्ये जीपीएलचे भाग चालू ठेवून ती जोडायची म्हटली तर 'नॉनफ्री' असा पर्याय हाताने चालू करावा लागतो, आणि तशी बायनरी तू दुसऱ्याला देऊच शकत नाहीस. हे पेटंटमुळे नाही हं, कॉपीराइट लायसन्समुळे, म्हणजे पेटंटं उद्या सगळी संपली तरी ही अडचण राहीलच. एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर २०१६ च्या ३.० व्हर्जनपासून प्रायोगिक राहिलेला नाही, तुझ्या कामाला तो पुरेसा आहे.

तू जीपीएल २ म्हणालास म्हणून त्याचं सातवं कलम एकदा वाच. त्याचा अर्थ साधारण असा की पेटंटच्या परवान्याची अट अशी असेल की तुझ्याकडून घेणारे लोक पुढे फुकट वाटू शकणार नाहीत, तर तू स्वतःही वाटू शकत नाहीस. म्हणजे उद्या कुणी काका म्हणाले की मी भरतो तुझे पैसे, कॉपीमागे इतके इतके, तरी दुसऱ्यांच्या जीपीएल लायब्ररी आत असताना ते चालणार नाही. जीपीएल ३, जे २००७ मध्ये आलं, त्यात वरून एक चांगली गोष्ट आहे, कोड देणारा प्रत्येक जण आपल्या योगदानावरच्या पेटंटांची परवानगीही देतो. अपाचे २.० या लायसन्समध्येही तसं कलम आहे. एमआयटी आणि बीएसडी लायसन्सांत पेटंट हा शब्दच नाही. तू नव्याने सुरू करतोयस, कोड सगळा तुझा आहे, तर 'व्हर्जन २ किंवा पुढचं कुठलंही' असं लिहून ठेव, पुढे हात मोकळे राहतील. पण परत सांगते, हे सगळं आतल्या लोकांपुरतं, बाहेरच्या पेटंटवाल्याला यातलं काहीच बांधत नाही.

तिसरा मित्र, "फक्त सोर्स दे" वाला. लेमने ते केलं आणि टिकलं, हे खरं. विचार असा की सोर्स कोड म्हणजे पद्धतीचं वर्णन, चालणारं यंत्र नव्हे, आणि पेटंट तर मुळातच जगजाहीर वर्णन असतं. पण याला मंत्र समजू नको, दुसऱ्याला उल्लंघन करायला उद्युक्त करणं असाही एक दावा अमेरिकेत करता येतो. आणि तुझ्या बाबतीत तर मला हा उपाय रोगापेक्षा भारी वाटतो. ज्यांना आवाज कापायचा जोडायचाय ती माणसं कंपाइलर बसवणार नाहीत. वापरणारेच गेले तर एडिटर कुणासाठी लिहिलास?

सर्व्हर कुठल्या देशात ठेवू असा प्रश्न तू विचारला नाहीस पण पुढच्या पत्रात विचारशील. पेटंट देशागणिक असतं, हे खरं. व्हीएलसी हा मीडिया प्लेअर बनवणारी व्हिडिओलॅन संस्था फ्रान्समध्ये आहे आणि त्यांना याचा आधार मिळतो. युरोपियन पेटंट करारात कलम ५२ म्हणतं की निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम हा शोध धरायचा नाही, २००५ मध्ये युरोपियन संसदेने सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. भारतीय कायद्याच्या कलम ३(के) मध्येही तसंच काहीसं आहे. अमेरिकेत सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या ॲलिस निकालानंतर अमूर्त कल्पना कॉम्प्युटरवर चालवली एवढ्यावर पेटंट टिकत नाही. पण सगळी मेख त्या 'निव्वळ'मध्ये आहे. एमपीथ्रीची पेटंटं जर्मनीतही होतीच की, कारण आवाजावर होणारी प्रक्रिया ही तांत्रिक गोष्ट धरली जाते. आणि डाउनलोड अमेरिकेतून होत असतील तर सर्व्हर कुठेही ठेव, प्रश्न पूर्ण मिटत नाही.

सूर सरळ करायचं जे फीचर आहे त्याबद्दल मात्र तुझ्या कुठल्याच मित्राने काही म्हटलं नाही, आणि मला विचारशील तर कोडेकपेक्षा (म्हणजे एन्कोडर-डीकोडरपेक्षा) तिकडे जास्त बघायला हवं होतं. पेटंट काय फक्त फॉरमॅटवर नसतात, इफेक्टवर असतात, सिंथेसिसवर असतात. एफएम सिंथेसिस या कृत्रिम आवाज तयार करायच्या पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे होतं, १९७७ मध्ये मिळालेलं, यामाहाने परवाना घेतला होता. ऑटो-ट्यून या सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागचं अँटारेस कंपनीचं पेटंट १९९८ मध्ये अर्ज केलेलं, १९९९ मध्ये मिळालेलं, अर्जापासून २० वर्षं धरली की २०१८ ला संपलं. म्हणजे ती मूळ पद्धत आता मोकळी आहे. पण नाव मोकळं नाही! ऑटो-ट्यून हा ट्रेडमार्क आहे आणि ट्रेडमार्क वापरात असेपर्यंत चालू राहतो, त्यामुळे तुझ्या मेनूत 'सूर दुरुस्ती' लिही, 'ऑटो-ट्यून' लिहू नको. उगाच ओढवून घेतलेली भांडणं अशीच असतात.

बरं, मग पेटंटं शोधत बसू का, तर नको. दाव्यांची ती भाषा वकिलालाही दोनदा वाचावी लागते, आणि अमेरिकेत माहीत असून उल्लंघन केलं तर नुकसानभरपाई तिप्पट होऊ शकते, म्हणून बऱ्याच कंपन्या आपल्या इंजिनिअरांना सांगतात की पेटंट वाचूच नका. विचित्र आहे, शोध जगाला कळावा म्हणून पेटंट देतात आणि ज्यांनी वाचावं त्यांनाच डोळे मिटायला लावतात. त्यापेक्षा तू फक्त पद्धतीचं वय बघ. एखादा अल्गोरिदम २० वर्षांहून जुन्या पेपरात किंवा पाठ्यपुस्तकात जसाच्या तसा असेल तर साधारण बरा, गेल्या पाचदहा वर्षातल्या चकाचक पेपरातला असेल तर थोडं थांब.

डीफॉल्ट म्हणून फ्लॅक आणि ओपस हे फुकट फॉरमॅट ठेव. फ्लॅक २००१ पासून आहे आणि सुरुवातीपासून पेटंटमुक्त ठेवायच्या उद्देशाने बनवलेलं. व्हॉर्बिस हा अजून एक फुकट फॉरमॅट तर १९९८ च्या त्या पत्रांवरचं उत्तर म्हणूनच जोमाने पुढे गेलं, १.० यायला २००२ उजाडलं. ओपस २०१२ मध्ये आयईटीएफ या इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड झालं, ते करताना ते बनवणाऱ्या पेटंटवाल्यांनी रॉयल्टी न घेता परवाने जाहीर केले. त्यालाही २०२३ मध्ये व्हेक्टिस नावाच्या कंपनीने पूल करायची घोषणा केली, रोख हार्डवेअर बनवणाऱ्यांवर होता, फुकट सॉफ्टवेअरवर नाही. पूलची घोषणा झाली म्हणजे पेटंट लागू पडतं असं सिद्ध होत नाही, पण फुकट फॉरमॅटलाही कायमची शंभर टक्के खात्री कुणी देऊ शकत नाही एवढं त्यातून कळतं.

कधी खरंच पत्र आलं तर घाबरून लगेच उत्तर देऊ नको आणि रिपॉझिटरीही पुसून टाकू नको. पत्रात पेटंटचा नंबर आहे का, कुठल्या देशाचं, मुदत संपलीय का, एवढं बघ, आणि मग वकिलाकडे किंवा फ्री सॉफ्टवेअरवाल्यांना मदत करणाऱ्या संस्थेकडे जा. डीएमसीए या अमेरिकन कायद्याखालची नोटीस आली तर ती कॉपीराइटची असते, पेटंटसाठी तो रस्ता नाही, ही दोन्ही एकत्र करून लोक उगाच झोप घालवतात. आणि कोडेक सुरुवातीपासून प्लगइन म्हणून वेगळा ठेवलास तर वेळ आलीच तर तेवढा एक भाग काढून बाकीचा एडिटर चालू ठेवता येतो, हे आत्ताच कर, नंतर उपटणं फार जड जातं.

'केवळ शैक्षणिक वापरासाठी' ही ओळ काढून टाक. काही उपयोग नाही तिचा. अमेरिकेत प्रयोगासाठीची सवलत इतकी अरुंद आहे की २००२ मध्ये ड्यूक विद्यापीठालाही तिचा आडोसा सहज मिळाला नाही, युरोपात बऱ्याच देशात घरगुती बिनव्यापारी वापराला सूट आहे पण जगाला डाउनलोड देणं म्हणजे घरगुती नव्हे. उलट जीपीएल वापरावर बंधन घालत नाही आणि तू घालतोयस, म्हणजे तुझंच लायसन्स तूच खोडतोयस.

डोनेशनचं बटण ठेव. पैसे घेतल्याने उल्लंघन तयार होत नाही आणि न घेतल्याने ते नाहीसंही होत नाही, नुकसानभरपाईचा हिशोब करताना पैशाचा विषय निघेल तेवढंच. फक्त 'एएसी चालू करण्यासाठी इतके द्या' असं त्या बटणाला कुठल्याही एका कोडेकशी बांधू नको.